विहिरीवरची सभा

सुंदरा, आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या वडीलजनांच्या बैठकीत तुझ्याविरुद्ध जे सांगितलं गेलं, ते मी सांगितलं. हे तुला ठाऊक होतंच. जे ठाऊक नव्हतं ते आज लिहितो. मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं आणि बैठकीत ते गिळून टाकलं. त्या अर्ध्यावर तुला शिस्तीखाली ठेवलं. प्रभुभोजनाला बंदी झाली. वडीलजनांपैकी मी एक, म्हणून भाकरीचं तबक घेऊन लोकांमधून फिरायचं काम माझ्याकडे. बायकांच्या सतरंजीपाशी आलो की तुझ्यापुढून तबक पलीकडच्या बाईकडे न्यायचो. तू मांडीवरच्या पोराकडे बघत असायचीस. एकदाही मान वर केली नाहीस. मला वाटायचं, शरमली आहे. आता वाटतं, माझी शरम तुला बघवत नसावी.

तुला पुरून आलो त्याला अजून फार दिवस झाले नाहीत. माणसं येतात, चटईवर बसतात, गुडघ्यावर हात ठेवून बोलतात. "काय धीराची बाई होती, मास्तर!" पाळकांनी कबरीपाशी सांगितलं की आपल्या या बहिणीने कुरकुर न करता मातृत्वाचा भार वाहिला. मला तिथे ओरडावंसं वाटलं. कुरकुर न करता? तू तर रोज कुरकुरायचीस. चुलीपुढे, न्हाणीत, जुळ्यांना दोन्ही मांड्यांवर घेऊन. "साकू गं अव्वा, साकू," असं म्हणायचीस. दुधनीकडचं तुझं कानडी, आता पुरे कर म्हणून आईला घातलेली हाक. तुझी आई तर आपली लेक मार्था व्हायच्या आधीच गेलेली. कुणाला हाक मारत होतीस? घरात दुसरं मोठं माणूस मीच होतो आणि मला कानडी कळत होतं.

पण कबरीपाशी मी ओरडलो नाही. पाळकांचं बोलणं झाल्यावर मी "आमेन" म्हणालो.

आपल्या घरची सकाळची उपासना आठवते तुला? गिरणीचा पहिला भोंगा झाला की जुळे दचकून उठायचे, दुसरा भोंगा व्हायच्या आत मी घंटी वाजवून सगळ्यांना बसवायचो. तू रात्रभर जागलेली. भिंतीला टेकलीस की तुझे डोळे मिटायचे. मी वाचन थांबवायचो. काही बोलायचो नाही, फक्त थांबायचो. मुलं आधी माझ्याकडे बघायची, मग तुझ्याकडे. त्या शांततेने तू जागी व्हायचीस आणि पदर सावरायचीस. मग मी पुढचं वचन वाचायचो. शाळेत पेंगणाऱ्या पोराला जागं करायची माझी तीच रीत होती.

एकदा तू म्हणालीस, "मास्तर, शाळा सुटल्यावर घरला येत जावा की."

"मग आता कुठे आहे मी?"

"हितं बी शाळंतच हाय की तुमी."

मार्था खुदकन हसली. मी तिला पाठ म्हणायला लावला.

आपला एक वाद अर्धाच राहिला, सुंदरा. एलीयाचा. तू लग्नानंतर अक्षरं शिकलीस, ओळीखाली बोट धरून वाचायचीस, म्हणून तुझं वाचन फार हळू चालायचं. त्यामुळे असेल, मी ज्यावरून झपाट्याने पुढे जायचो तिथे तू थांबायचीस. मी जेवत होतो. तू एका हाताने भाकरी थापत होतीस, दुसऱ्या काखेत जुळ्यांतला याकोब, आणि शास्त्र पाटावर उघडं.

"ह्यो एलीया बगितलासा का? झुडपाखाली पडून म्हणतोय, देवा, मला मरण दे. एवढा मोठा संदेष्टा! आन् देवदूत येऊन काय म्हणला? ऊठ, खा. भाकर भाजून ठेवली, पाणी ठेवलं. खाऊन परत झोपला तरी रागवला न्हाई. परत येऊन म्हणला, खा, तुला लई लांब जायचंय."

मी म्हणालो, "ते संदेष्ट्याबद्दल आहे. त्याने केवढं मोठं काम केलं होतं."

"दोन पोरं एकदम पाजून बगा, मग सांगा मोठं काम कशाला म्हणत्यात."

"तो त्याचा दुबळेपणा होता. त्याचा कित्ता गिरवायचा नसतो."

"मग देवानं त्याला भाकर का दिली? रागवायचं की!"

"भाकरी करपतेय," मी म्हणालो. खरंच करपत होती. तू ती उलटलीस आणि करपलेली बाजू स्वतःच्या ताटलीत ठेवलीस. तो विषय मी पुन्हा निघू दिला नाही. तू दोनदा काढलास, आणि दोन्ही वेळा मला शाळेची घाई झाली.

आणि हाच मी दर बुधवारी मातांची सभा घेत होतो. मुलाच्या रडण्याने कधी अंथरूण न सोडलेला माणूस गिरणीतून सुटून आलेल्या बायांपुढे उभा राहून धीर धरण्याविषयी बोलायचा. बाया पेंगायच्या. काशीबाई मात्र जाग्या असायच्या, कारण त्या विधवा, मुलंबाळं मोठी झालेली, घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवायचं त्यांचं काम. मिशनचे गोरे साहेब एकदा येऊन बसले आणि नंतर इंग्रजीत म्हणाले की भाषण उत्तम झालं. मी ते तुला घरी येऊन सांगितलं होतं. तू विचारलंस, "बाया काय म्हणल्या?"

त्या काही म्हणाल्या नव्हत्या. त्या जे बोलायच्या ते तुझ्यापाशी बोलायच्या.

रविवारी गिरणीला सुट्टी. बायांना कपडे धुवायला मिळायचं ते त्याच दिवशी. आणि रविवार म्हणजे आपला शब्बाथ, देवाने नेमलेला विसाव्याचा दिवस. लाकूड शनिवारी फोडायचं, पाणी शनिवारी भरायचं, धुणं, बाजार सगळं बंद. नियम मीच मुलांकडून घोकून घेतला होता. पण तान्ह्या पोराला शनिवार-रविवार कळत नाही. सकाळची उपासना झाली की तू जुळ्यांची घाण झालेली दुपटी घेऊन शाळेमागच्या विहिरीवर जायचीस. मग राधा यायला लागली, गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातली, काळी, हसरी. मग आणखी कोणी. काशीबाई धुवायला काही नसताना यायच्या आणि पोरं धरून बसायच्या. धुता धुता एखादं वचन, एखादं गाणं. जिला जे जड झालं असेल ते तिने बोलायचं. बोलणारीचं धुणं दुसरीने ओढून घ्यायचं, एवढीच त्या सभेची शिस्त. प्रार्थना तू करायचीस. "बा देवा, आजचा दीस निभव. उद्याचं उद्या मागतो आमी." मी तुला किती वेळा सांगितलं होतं की प्रार्थनेला सुरुवात असते, स्तुती असते, मग पापकबुली, मग मागणं.

त्या दुपारी मी शाळेच्या मागच्या खोलीत फळा पुसत होतो. नाही, खोटं का लिहू? फळा पुसायला शाळा रविवारी कुठे असते? मी तुमचं ऐकायला गेलो होतो. माझ्या सभेला पेंगणाऱ्या बाया तिथे एवढ्या मोठ्याने का हसतात, ते मला बघायचं होतं.

राधा सांगत होती, "परवापासनं पोरगं छातीवरनं उतरंनाच झालंय. शेवटी म्हटलं, देवा, आता जरा तूच घे बाबा ह्याला."

"मग? घेतलं का त्यानं?" कुणीतरी विचारलं.

"कुटलं घेतोय! त्यो बी गडीमाणूसच की!"

केवढ्या हसलात तुम्ही! काशीबाईसुद्धा. पाण्यात बादली पडल्याचा आवाज झाला. माझे कान तापले. मी तिथून निघायला हवं होतं, पण निघालो नाही, आणि म्हणून पुढचंही ऐकलं. हसू ओसरल्यावर तू म्हणालीस, "घेतलं न्हाई कसं? आता तुजं पोरगं कुणाकडं हाय?"

"तुज्याकडं."

"मग मला कुणी धाडलं? मी काय माज्या जिवानं आले व्हय? घरात निजले असते की गप." आणि मग, "त्याला हात न्हाईत, राधे. म्हणून त्यो आपलं हात मागून घेतोय. गप बस घटकाभर. मी धरते."

राधा रडायला लागली. तिचं धुणं कोणीतरी आपटायला घेतलं तो आवाज मला आला.

इतकी वर्षं मी वचनं सांगत आलो, सुंदरा. त्या दुपारी मी खिडकीआड उभा राहून प्रवचन ऐकलं, आणि ते प्रवचन आहे हे मला तेव्हाच कळलं होतं. ते कळलं म्हणूनच मी चिडलो.

बैठकीत मी सांगितलं की विहिरीवर शब्बाथ मोडला जातो आणि देवाची थट्टा केली जाते. राधाचं वाक्य मी जसंच्या तसं सांगितलं. तुझं उत्तर सांगितलं नाही. पाळक म्हणाले, "मास्तर, लेकुरवाळ्या बाया आहेत. मी त्यांना समजावून सांगेन." मी म्हणालो, "माझी स्वतःची बायको त्यात आहे, म्हणून तर मी गप्प बसू शकत नाही." त्यावर सगळ्यांच्या माना हलल्या. केवढा निःपक्षपाती माणूस! मला ते आवडलं. हेही लिहून ठेवतो, की मला ते आवडलं.

पुढच्या रविवारी बायांना मंडळीपुढे उभं केलं. राधाने माफी मागितली, बाकीच्यांनी मागितली, काशीबाईंनी तर रडत मागितली. तू याकोबला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलंस आणि म्हणालीस, "राधाच्या बोलण्याबद्दल तिनं मागितली, ती तिची. पोराचं घाणेरडं फडकं धुणं पाप हाय, असं मला कुनी दाखवून द्या. मग मागते." पाळकांनी माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिलंस, एकदाच. मी जमिनीकडे पाहत होतो.

त्यानंतर विहीर गप्प झाली. बाया आपापल्या घरी शनिवारी रात्री जागून कपडे धुवायला लागल्या. तू रविवारीच धूत राहिलीस, एकटी. मी तुला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. शिस्तीखालच्या माणसाने मंडळीत मोठ्याने प्रार्थना करायची नसते. तू घरातही मोठ्याने करायचं सोडलंस. सकाळच्या उपासनेला तू आता जागी राहायचीस, डोळे उघडे ठेवून भिंतीकडे बघायचीस. मला वाटलं, सुधारली. खरं म्हणजे तुझ्या अंगातून काहीतरी निघून गेलं होतं. आधी तू दमायचीस आणि रविवारनंतर पुन्हा उभी राहायचीस. आता नुसतीच दमायचीस. "साकू" म्हणणंसुद्धा बंद झालं. घर किती शांत झालं, असं मी कुणापाशी तरी कौतुकाने बोललो होतो.

आणि तरी, त्या पावसाळ्यात मला हिवताप झाला तेव्हा तू काय केलंस? मी पडल्या पडल्या शाळेचं, सभेचं, बुधवारच्या भाषणाचं बडबडत होतो. तू दुधात कुस्करलेल्या भाकरीची वाटी पुढे धरलीस. "खावा. आन् झोपा. बाकी काय बी नगं आता." मी खाऊन झोपलो. उठलो तेव्हा पुन्हा वाटी तयार होती. माझ्यावर रागवायचा हक्क तुझ्याइतका कुणालाच नव्हता आणि तू मला भाकर कुस्करून दिलीस. एलीयाच्या वादात तुला माझं उत्तर मिळालं नाही. मला तुझं मिळालं, चमच्याने. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहून गेले. वाटी रिकामी करून मी फक्त "मीठ कमी होतं" म्हणालो.

मग तुझा खोकला. मग ताप. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून बघितलं आणि मला बाहेर बोलावलं. उन्हाळा पेटलेला. तुला अंगणातल्या कडुलिंबाखाली खाट टाकून दिली होती. पाळक आले, बरोबर प्रभुभोजनाची रुमालात झाकलेली भाकर आणि लहानसा पेला. मी त्यांना बोलावलं नव्हतं, ते आपण होऊन आले. चांगला माणूस. त्यांनी रुमाल उलगडला तेव्हा तू विचारलंस, "मी तर अजून माफी मागितली न्हाई. मग कसं काय चालतंय?"

"सुंदराबाई, आता तो विषय कशाला?"

"विषय तुमीच काढला हुता की. आता तुमीच मिटवा. माजी चूक नव्हती, येवढं म्हणा."

पाळकांनी माझ्याकडे पाहिलं, कारण तक्रार माझी होती. तू पाहिलं नाहीस. तू झाडाकडे बघत होतीस. सुंदरा, एका वाक्याचं काम होतं. मार्था उंबऱ्यात उभी होती, जुळे तिच्या दोन्ही बाजूंना. मी म्हणालो, "तिला बोलायचा त्रास होतोय."

"ऱ्हाऊ द्या," तू म्हणालीस. "भाकर परत न्या. पोरांनी काय खाल्लंय का बगा." आणि कुशीवर वळलीस. त्यानंतर तू दोन रविवार होतीस, आणि तेवढ्या दिवसांत मी पुष्कळ वेळा खाटेपाशी आलो. पाणी दिलं, वारा घातला, शास्त्र वाचून दाखवलं. ते वाक्य सोडून सगळं केलं.

तू गेल्यावर राधा रोज येते. गिरणीतून सुटली की सरळ आपल्या दारात, अंगाला कापसाचे तंतू चिकटलेले. योहानला उचलते, मार्थाला म्हणते, "जा गं पोरी, पड घटकाभर." माझ्याशी ती फारशी बोलत नाही. परवा मी तिला चहा देऊ केला तर म्हणाली, "तुमी प्या, मास्तर. तुमाला सवय न्हाई जागरणाची." टोमणा होता. मी चहा प्यालो.

काल मार्थाने विचारलं. ती दुपटी पिळत होती, तोंड माझ्याकडे न करता विचारलं.

"बाबा, तुम्ही आईला कधी म्हणालात का?"

"काय?"

"की ती बरोबर होती."

मी म्हणालो, मोठ्यांच्या गोष्टी आहेत. मग तिच्या खांद्यांकडे लक्ष गेलं. तुझेच खांदे, तसेच पुढे झुकलेले, या वयात. मी म्हणालो, "नाही. कधीच नाही." तिने मान हलवली. तिला ते आधीच ठाऊक होतं. दुपटी दोरीवर टाकून ती आत गेली, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. तुझ्यामागे मी हिलाही झिजवणार होतो, आणि वर हिच्या कबरीपाशी आमेन म्हणणार होतो.

आज रविवार. पाळक आशीर्वादासाठी हात उचलत होते तेव्हा मी उभा राहिलो. त्यांनी बसायची खूण केली, हळूच म्हणाले, "मास्तर, दुःखात माणसाने बोलू नये." मी बसलो नाही. मंडळीकडे तोंड केलं, मग वाटलं, पुरुषांकडे बोलून काय उपयोग, म्हणून बायकांच्या सतरंजीकडे वळलो. विहिरीवर जे ऐकलं होतं ते सांगितलं, राधाचंही आणि तुझंही, तुझ्याच बोलीत, जसं आठवलं तसं. राधाचं वाक्य ऐकून मागे कुणीतरी हसलं. तुझं ऐकून कुणी हसलं नाही. मग मी म्हणालो:

"बायांनो, ती प्रार्थनासभा होती आणि मी ती मोडली. मला हेवा वाटला म्हणून मोडली. शब्बाथचं मी निमित्त केलं. तुम्हाला इथे उभं करून माफी मागायला लावली, ती मी तुम्हाला परत करतो, कारण ती माझी होती. माझ्या बायकोने मागायला नकार दिला, तिचं बरोबर होतं. ती जिवंत असताना मला हे सांगता आलं असतं. तिने विचारलंही होतं, आणि मी सांगितलं नाही. तिच्या वतीने मला क्षमा करायचा अधिकार तुम्हाला नाही, पाळकांनाही नाही, म्हणून तशी मागत नाही. मी फक्त तुमच्यादेखत तिला सांगतो. सुंदरा, तुझी चूक नव्हती. माझी होती. मला क्षमा कर."